वाऱ्याची वाटणी करणारी नळी

वीतभर लांबीची एक पोलादी नळी. आत पाती नाहीत, मोटर नाही, हलणारा एकही भाग नाही. बाजूच्या छिद्रातून तिच्यात कॉम्प्रेसरची हवा सोडली की एका टोकातून पाणी गोठेल इतका गार झोत निघतो आणि दुसरं टोक हाताला चटका देतं. व्हॉर्टेक्स ट्यूब म्हणतात हिला. तापलेल्या संगणकावर ती रोखायची कल्पना कुणा हौशी माणसाला सुचली नसती तरच नवल.

दाबलेली हवा मोकळी झाली की गार होणारच, त्यात काय मोठंसं? तसं नाही. वातावरणाच्या 7 पट दाबाची हवा नुसत्या व्हॉल्व्हमधून सोडली तर जेमतेम एक-दीड अंश उतरते. छिद्रातून सुसाट निघताना ती क्षणभर बरीच गार होते खरी, पण वेग ओसरला की त्यातली ऊर्जा पुन्हा उष्णता होऊन बसते. कीबोर्डवरची धूळ उडवायचा डबा उलटा धरला तर बोटं गारठतात, पण तो मामलाच वेगळा. त्या डब्यात बहुधा हवा नसतेच, दाबाखाली द्रव झालेला वायू असतो. तो शून्याखाली 25 अंशांच्या आसपास उकळतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता समोरच्या वस्तूतून ओढून घेतो. (हा वायू पुष्कळदा ज्वलनशीलही असतो, तेव्हा संगणकावर प्रयोग नकोच.) फ्रिजही द्रव उकळवूनच गारवा मिळवतो.

नळीत मात्र द्रव नाही, उकळणं नाही. हवा आत शिरते तीच गोल भिंतीला लगटून, त्यामुळे लगेच गरगरू लागते: मिनिटाला लाखो फेरे. हा भोवरा भिंतीलगत सरकत दूरच्या टोकाला पोचतो. तिथला शंकूसारखा व्हॉल्व्ह कडेची थोडी हवा बाहेर सोडतो, उरलेली मागे फिरवतो. ती बाहेरच्या भोवऱ्याच्या पोटातून, गिरक्या घेतच, उलटी निघते आणि जाता जाता आपली ऊर्जा बाहेरच्या थराला देऊन टाकते. ताक घुसळताना लोणी सुटावं तशी एकाच हवेतून गरम आणि गार वेगळी होते. आत गेलेल्या हवेपेक्षा गार झोत 40-50 अंशांनी सहज उतरतो. गरम टोक 100 अंशही ओलांडू शकतं.

जॉर्ज रांक या फ्रेंच माणसाने 1933 मध्ये हे तिथल्या भौतिकशास्त्रज्ञांपुढे मांडलं, तेव्हा त्यांचा विश्वास बसेना. त्यांना दोष देववत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीच्या रुडॉल्फ हिल्शने नीट मोजमापं छापली, मग जगाचं लक्ष गेलं. 1867 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने कल्पिलेला, वेगवान आणि मंद रेणू फुकटात निवडणारा इवलासा द्वारपाल या नळीत बसलाय की काय? नाही. दोन्ही झोतांची ऊर्जा मिळून आत गेलेल्या ऊर्जेइतकीच भरते, आणि ही वाटणी फुकट होत नाही: हवेचा दाब खर्ची पडतो.

तो दाब आणायचा कुठून, इथे घरच्या संगणकाचं गणित बिघडतं. साधारण 300 वॅट उष्णता काढायला मिनिटाला सव्वाचारशे लिटर हवा लागते. ती पुरवताना कॉम्प्रेसर 3 किलोवॅटच्या आसपास वीज खातो. दीड टनाचा एसी याच्या निम्म्या विजेत अख्खी खोली गार करतो. टाकी भरून ठेवावी म्हटलं, तर 50 लिटरच्या टाकीतली हवा मिनिटभरही पुरत नाही. शिवाय पाणी. मुंबईत जुलैमध्ये दवबिंदू 25 अंशांच्या आसपास असतो. मदरबोर्डचा जो भाग त्याहून गार होईल त्यावर थेंब जमणार.

कारखान्यात मात्र हवेची लाइन आधीच भिंतीवर असते. तिथे यंत्रांच्या तापलेल्या कंट्रोल पॅनेलवर ही नळी चपखल बसते. आत शिरणाऱ्या हवेने पॅनेलमधला दाब किंचित वाढतो आणि धूळ बाहेरच राहते.

राहिला आवाज. नळी शिट्टी घालते, आणि हौशी माणूस आधी तीच बंद करायला बघेल. पण 1982 मध्ये कुरोसाका या संशोधकाने दाखवलं की ती शिट्टी दाबली तर दोन टोकांच्या तापमानातला फरकही घटतो. गारव्यात हवेच्या दोन थरांमधल्या घर्षणाचा वाटा किती आणि या आवाजाचा किती, यावर अजून वाद चालू आहे.