बातमीचे दृश्यरूप

वृत्तपत्राचे पहिले पान ही केवळ छापलेल्या मजकुराची जागा नसते; तो एक निवाडाही असतो. कोणती बातमी सर्वांत वर घ्यावयाची, कोणता मथळा पानभर पसरावयाचा आणि कोणती घटना तळाच्या चार ओळींत आटोपावयाची, हे संपादकाने रात्री ठरविलेले असते आणि सकाळी वाचकाला ते एका दृष्टिक्षेपात उमगते. अक्षरे वाचण्यापूर्वीच डोळा महत्त्व वाचतो. पुढे बातमी संगणकाच्या व मोबाइलच्या पडद्यावर आली, तेव्हा मजकूर तोच राहिला; पान मात्र हरवले. हे हरवलेले पान नव्या माध्यमात पुन्हा उभे करणे, हे डिजिटल वृत्तसंस्थेतील कलादिग्दर्शकाचे कार्य होय.

कलादिग्दर्शक म्हणजे तयार मजकुराला सजविणारा कारागीर, असा एक समज रूढ आहे. तो यथार्थ नाही. सजावट मजकुरानंतर येते. मांडणी मजकुराबरोबरच जन्माला येते. मथळ्याचा आकार, ओळीची लांबी, छायाचित्राची निवड, रंगांची योजना, दोन परिच्छेदांमधील मोकळी जागा या सर्वांचा मिळून एक अर्थ होतो, आणि तो अर्थ बातमीशी विसंगत असेल तर शब्द कितीही खरे असले तरी वाचकाच्या मनावर उमटणारा ठसा खोटा ठरतो.

या कामातील पहिली अडचण म्हणजे पानाला निश्चित आकारच नाही. छापखान्यातील कागद मोजून घेतलेला असे. पडदा मात्र कोणाच्या मेजावर हातभर रुंद असतो, तर कोणाच्या मुठीत वीतभर. या अडचणीवर ईथन मार्कॉट या अमेरिकन संकल्पनकाराने २०१० साली एक उपाय सुचविला. पानाचे स्तंभ ठराविक मापाचे न ठेवता प्रमाणात आखावेत; चित्रे त्यांच्याबरोबर लहानमोठी व्हावीत; आणि पडद्याची रुंदी पाहून मांडणीने आपला क्रम आपणच बदलावा. २०११ मध्ये ‘बॉस्टन ग्लोब’ या दैनिकाने आपले संकेतस्थळ या तत्त्वावर उभारले, आणि मोठ्या वृत्तपत्रालाही हे साधते, हे सिद्ध झाले. येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानी घ्यावी लागते. रुंद पडद्यावर शेजारी शेजारी असलेल्या दोन बातम्या मोबाइलवर एकीखाली एक येतात. शेजार नाहीसा होतो आणि अनुक्रम निर्माण होतो. म्हणजेच, कोणती बातमी आधी हा संपादकीय प्रश्न येथे मांडणीच्या नियमांतच सोडवून ठेवावा लागतो.

दुसरी अडचण अक्षरांची. कागदासाठी कोरलेली नाजूक अक्षरे जुन्या पडद्यावरील मोजक्या ठिपक्यांत विरून जात. मॅथ्यू कार्टर या अक्षरकाराने मायक्रोसॉफ्टसाठी ‘जॉर्जिया’ आणि ‘व्हर्डाना’ हे फॉन्ट घडविले, तेव्हा त्याने आधी ठिपक्यांचे आकार निश्चित केले आणि मग त्यांवरून अक्षरांच्या बाह्यरेषा काढल्या. १९९६ साली हे फॉन्ट प्रसृत झाले आणि असंख्य संकेतस्थळांनी ते स्वीकारले.

देवनागरीची वाट याहून बिकट होती. बाराखडीच्या मात्रा शिरोरेषेच्या वर जातात, उकार खाली उतरतात, आणि जोडाक्षरे आडवी वा उभी विस्तारतात. म्हणून दोन ओळींत रोमन लिपीपेक्षा अधिक अंतर सोडावे लागते. त्यात आरंभी प्रत्येक वृत्तपत्राची सांकेतिक योजना निराळी असे. तो विशिष्ट फॉन्ट वाचकाच्या संगणकात नसला, तर मराठी अग्रलेखाच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग दिसे. युनिकोडच्या प्रसाराने हा गोंधळ मिटला. सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडविलेला ‘मंगल’ फॉन्ट विंडोज प्रणालीबरोबर सर्वत्र पोहोचला. तथापि, एक हिशेब आजही चुकत नाही. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टला पुष्कळ अधिक आकृत्या लागतात व त्याचे ओझे वाढते; सुंदर अक्षराच्या हौसेपायी मंद जोडणी असलेल्या खेड्यातील वाचकाला बातमीसाठी ताटकळत ठेवावे काय, हा निर्णय सौंदर्याचा नसून न्यायाचा आहे.

चित्र व गती यांचा वापर हा या कलेचा सर्वांत आकर्षक भाग. डिसेंबर २०१२ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने जॉन ब्रँच यांचा ‘स्नो फॉल’ हा दीर्घ वृत्तांत प्रसिद्ध केला. वॉशिंग्टन राज्यातील टनेल क्रीक येथे त्याच वर्षी फेब्रुवारीत हिमकडा कोसळून तीन स्कीपटू मरण पावले होते, त्याची ती कहाणी. वाचक मजकूर खाली सरकवू लागला की योग्य स्थळी पर्वताची त्रिमित प्रतिकृती हलू लागे आणि उताराचे स्वरूप प्रत्यक्ष दिसे. २०१३ साली या वृत्तांतास पुलित्झर पारितोषिक लाभले. पुढे अनेकांनी त्याचे अनुकरण केले. परंतु जेथे घटनेलाच स्थळाची व गतीची अपेक्षा नव्हती, तेथे हलती चित्रे वाचनात विघ्न मात्र ठरली.

याउलट, साध्या आकृतीचे सामर्थ्य डिसेंबर २०१७ मध्ये रॉयटर्स वृत्तसंस्थेने दाखवून दिले. त्या वर्षीच्या ऑगस्टपासून म्यानमारमधून सहा लाखांहून अधिक रोहिंग्या निर्वासित बांगलादेशात आले होते. त्यांच्या छावण्यांतील शौचकूप आणि पिण्याच्या पाण्याच्या विहिरी यांची स्थाने रॉयटर्सने नकाशावर मांडली. मदतकार्याच्या मान्य निकषांनुसार या दोहोंत किमान ३० मीटर अंतर असावे लागते. नकाशावर मात्र अनेक ठिकाणी ते ठिपके एकमेकांना खेटून होते. रोगराईचे भय वर्णन करून सांगण्याची मग आवश्यकताच उरली नाही. ते डोळ्यांना दिसले.

मात्र जी आकृती सत्य उघड करते, तीच सत्याचा विपर्यासही करू शकते. स्तंभालेखाची मोजणी शून्याऐवजी मधल्याच आकड्यापासून आरंभिली, तर क्षुल्लक वाढ पर्वतप्राय भासते. तांबडा आणि हिरवा यांतील भेद काही वाचकांना दिसतच नाही. केवळ त्या दोन रंगांवर विसंबलेला नकाशा त्यांच्यापुरता मुका असतो. जाहिरातीला बातमीचा पेहराव चढविला, तर वाचकाची उघड फसवणूक होते. आणि आता यंत्राने रचलेली चित्रे छायाचित्रांइतकी हुबेहूब दिसू लागल्यामुळे, चित्राखालील स्पष्ट ओळ ही सौजन्याची नव्हे, कर्तव्याची बाब झाली आहे.

सर्वांत मोठा धोका बातमीच्या एकटेपणात आहे. कागदावर ती त्या दिवसाच्या अंकात बांधलेली असे. मोबाइलवर ती अंकापासून तुटून हातोहात फिरते आणि वर्षांपूर्वीची घटना आजची म्हणून खपते. ‘गार्डियन’ने एप्रिल २०१९ मध्ये यावर एक अगदी साधा उपाय योजला. जुन्या लेखांवर त्यांचे वय पिवळ्या पट्टीत ठळक दाखविले आणि ते समाजमाध्यमांवर पाठविले जाताना दिसणाऱ्या चित्रावरही प्रकाशनाचे वर्ष छापले. या पट्टीत कलाकुसर काहीच नव्हती. वाचकाची दिशाभूल नेमकी कोठे होते, हे ओळखून त्याच जागी ती लावली होती. आणि एखाद्या दंग्याचे जुने छायाचित्र नव्या अफवेला इंधन पुरविते अशा काळात, त्या चार आकड्यांचे मोल पानभर सजावटीहून कितीतरी अधिक आहे.