पुढची तबकडी कोणती?

न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅक गावी ५ जानेवारी १९५८ रोजी सॉनी क्लार्क या पियानोवादकाने चार साथीदारांना घेऊन एक एल.पी. ध्वनिमुद्रित केली. ट्रम्पेटवर आर्ट फार्मर होता, सॅक्सोफोनवर जॅकी मॅक्लीन. ब्लू नोट कंपनीने ती ‘कूल स्ट्रटिन’ या नावाने बाजारात आणली. कव्हरवर फुटपाथवरून चाललेल्या एका स्त्रीची फक्त पावलं दिसतात. अमेरिकेत या रेकॉर्डचा फारसा गाजावाजा झाला नाही. पुढे पाच वर्षांत, जानेवारी १९६३ मध्ये, क्लार्क वारला. वय ३१.

जपानमध्ये मात्र ही रेकॉर्ड घरोघरच्या जॅझप्रेमींना तोंडपाठ झाली. १९८६ साली माउंट फुजी जॅझ महोत्सवात मॅक्लीनने तिचं शीर्षकगीत वाजवायला घेतलं, तेव्हा पहिल्याच सुरांना हजारो लोकांनी जल्लोष केला. या प्रेमाचं मोठं श्रेय जातं ते जपानच्या जॅझ कॅफेंकडे आणि तिथे पगारावर रेकॉर्ड लावणाऱ्या माणसांकडे. आपल्या मिरवणुकांतल्या डीजेशी त्यांच्या कामाचा काही संबंध नाही. कॉफी पीत बसलेल्या वीस-तीस लोकांसाठी पुढची तबकडी कोणती, हे ठरवणं एवढंच त्यांचं काम. ते किती मोठं आहे, हे या कॅफेंचा इतिहास पाहिला की कळतं.

जपानी लोक या जागेला ‘जॅझ किस्सा’ म्हणतात. १९२० च्या दशकाच्या अखेरीस टोकियोत अशी कॅफे दिसू लागली. १९३३ साली योकोहामाच्या नोगे भागात मामोरु योशिदा या विशीतल्या तरुणाने ‘चिगुसा’ सुरू केलं. महायुद्धात जॅझ हे शत्रूचं संगीत ठरलं आणि १९४३ मध्ये त्यावर बंदी आली. मे १९४५ च्या बॉम्बवर्षावात योकोहामा जळलं, त्यात चिगुसा आणि योशिदांचा हजारो तबकड्यांचा साठाही गेला. युद्धानंतर योशिदांनी पुन्हा रेकॉर्ड जमवल्या आणि दुकान उघडलं. तोशिको आकियोशी आणि सदाओ वातानाबे हे पुढे जगप्रसिद्ध झालेले वादक उमेदवारीच्या काळात तिथे येऊन बसत. अमेरिकेतली नवी वादनशैली शिकवणारा गुरू जपानात नव्हता आणि छापील स्वरलिपीही सहज मिळत नव्हती. रेकॉर्ड ऐकायची, तोच तुकडा पुन्हा लावायला सांगायचं आणि कानाने टिपून घ्यायचं. चिगुसाच्या बाकांवर हे शिक्षण चालायचं. २००७ मध्ये चिगुसा बंद पडलं, तेव्हा जुनी गिऱ्हाइकं एकत्र आली आणि २०१२ मध्ये त्यांनी ते पुन्हा सुरू केलं.

ही कॅफे इतकी फोफावली, त्याला रोकडी कारणं होती. १९४९ पासून १९७१ पर्यंत एका डॉलरला ३६० येन मोजावे लागत. परकीय चलनावर निर्बंध होते. अमेरिकेतून आलेली एल.पी. विकत घेणं विद्यार्थ्याच्या किंवा नव्याने नोकरीला लागलेल्याच्या आवाक्याबाहेरचं होतं. चांगला रेकॉर्ड प्लेयर आणि स्पीकर तर दूरच राहिले. त्यात घरं लहान आणि भिंती पातळ, त्यामुळे मोठ्या आवाजात काही लावायची सोय नव्हती. कॅफेत मात्र एका कप कॉफीच्या पैशांत दोन-तीन तास बसता येई. कॉफीची किंमत म्हणजे खरं तर ऐकण्याचं तिकीट होतं. जानेवारी १९६१ मध्ये आर्ट ब्लेकी आपल्या ‘जॅझ मेसेंजर्स’सह जपानला आला आणि जॅझची लाटच उसळली. १९६६ मध्ये जॉन कोल्ट्रेनचा दौरा झाला. त्या वर्षांत शिंजुकू आणि शिबुयाच्या गल्ल्यांत एकाला लागून एक अशी जॅझ कॅफे उभी होती.

आत गेलं की खुर्च्या बहुधा स्पीकरकडे तोंड करून मांडलेल्या असत. स्पीकरही माणसाच्या उंचीचे, जेबीएल किंवा अल्टेकचे. अनेक ठिकाणी बोलायला मनाई असे. टोकियोच्या योत्सुया भागात मासाहिरो गोतो यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या ‘ईगल’मध्ये संध्याकाळी सहापर्यंत गप्पा मारायच्या नाहीत, असा नियम आहे. इवाते प्रांतातल्या इचिनोसेकी या छोट्या शहरात शोजी सुगावारा यांनी १९७० साली एका जुन्या कोठारात ‘बेसी’ हे कॅफे काढलं. सुगावारा वासेदा विद्यापीठाच्या वाद्यवृंदात ड्रम्स वाजवत. ज्याच्या नावाने हे कॅफे आहे, तो काउंट बेसी स्वतः तिथे येऊन गेला. तिथल्या आवाजाची कीर्ती ऐकून लोक लांबून रेल्वेने येत.

आता रेकॉर्ड लावणाऱ्याच्या बाजूने पाहू. एल.पी. मिनिटाला ३३⅓ फेरे घेते आणि एका बाजूवर साधारण वीस मिनिटांचं संगीत मावतं. बहुतेक कॅफेंचा शिरस्ता असा की एका वेळी एकच बाजू लावायची आणि ती सबंध वाजू द्यायची. म्हणजे तासाला तीन बाजू आणि आठ तासांच्या पाळीत सुमारे चोवीस निर्णय. एक रेकॉर्ड वाजत असताना पुढची कपाटातून निघालेली हवी. ती कडेने आणि मधल्या लेबलाला धरायची, खाचांना बोट लागू द्यायचं नाही. ब्रशने धूळ काढायची, सुईचं टोक तपासायचं. शेवटचा सूर विरला की सुई उचलायची, तबकडी बदलायची, नवं कव्हर सगळ्यांना दिसेल अशा जागी उभं करायचं. मधली शांतता फार लांबली तर खोलीतली तंद्री मोडते, आणि घाई केली तर आधीचं संगीत मनात मुरायला वेळ मिळत नाही. अधूनमधून फर्माइशीच्या चिठ्ठ्या येतात. एकच लोकप्रिय रेकॉर्ड दिवसातून तीनदा मागितली जाते. ती केव्हा लावायची आणि कोणाला उद्यापर्यंत थांबवायचं, हेही त्यानेच ठरवायचं.

समजा, सुरुवात ‘कूल स्ट्रटिन’च्या पहिल्या बाजूने केली. दोनच रचना, पण दोन्ही ऐसपैस. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन पुढे असल्यामुळे खोली भरून जाते. यानंतर पुन्हा दोन फुंकवाद्यांची रेकॉर्ड लावली तर कान थकतात. म्हणून बिल एव्हान्सच्या त्रयीची ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ लावायची. जून १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ क्लबात प्रत्यक्ष कार्यक्रमात ती ध्वनिमुद्रित झाली. त्या क्लबातल्या ग्लासांची किणकिण आणि लोकांची कुजबुज तीत ऐकू येते, आणि कॅफेतल्या माणसाला आपण तिथेच बसलो आहोत असं वाटतं. पियानोने कान निवळले की गाणारा आवाज चालतो. तेव्हा हेलन मेरिलची १९५४ ची रेकॉर्ड काढायची, जिच्यात क्लिफर्ड ब्राउनचा ट्रम्पेट आहे. पहिल्या बाजूवर ऐकलेलं वाद्य इथे परत येतं, पण आता गायिकेच्या मागे, सौम्य होऊन. तासाभरात तीन रेकॉर्ड झाल्या आणि त्यांच्यातून एक सूत्र ओवलं गेलं. मैफलीत बड्या ख्यालानंतर ठुमरी केव्हा घ्यायची, हे जाणत्या गायकाला श्रोत्यांकडे पाहून कळतं. इथेही तीच नजर लागते, फरक एवढाच की स्वर दुसऱ्यांचे असतात.

हे काम करता करता घडलेला सर्वांत प्रसिद्ध माणूस म्हणजे हारुकी मुराकामी. १९७४ मध्ये त्याने पत्नीसह टोकियोच्या कोकुबुंजी भागात ‘पीटर कॅट’ नावाचं जॅझ कॅफे काढलं, १९७७ मध्ये ते सेंदागायाला हलवलं. तो रेकॉर्ड लावायचा, पेयं बनवायचा, आणि दुकान बंद झाल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहायला बसायचा. १९७९ मध्ये पहिली कादंबरी आली आणि १९८१ मध्ये त्याने कॅफे विकून टाकलं. लय आणि रचना आपण संगीतातून शिकलो, असं तो आवर्जून सांगत आला आहे. रात्रंदिवस रेकॉर्ड लावणाऱ्याच्या तोंडी हे विधान अक्षरशः खरं आहे.

रेस्टॉरंटमधलं काम याहून वेगळं आणि माझ्या मते जास्त अवघड. तिथे लोक जेवायला आणि बोलायला येतात. संगीताने त्यांच्या बोलण्याला आधार द्यायचा, पण त्यांना आवाज चढवायला लावायचं नाही. संध्याकाळी सातला रिकाम्या हॉलमध्ये जो आवाज पुरेसा वाटतो, तो नऊला गर्दी झाली की ऐकूच येत नाही. माणसांची अंगं आणि कपडे वरच्या पट्टीतले सूर शोषून घेतात, झांजांची चमक आधी हरवते. बासचं एकल वादन भांड्यांच्या आवाजात बुडतं आणि गिऱ्हाइकाला वाटतं, संगीत बंद पडलं. सुरुवातीच्या स्टिरिओ रेकॉर्डमध्ये आणखी एक अडचण असते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस फुंकवाद्यं एका स्पीकरमध्ये आणि ड्रम्स दुसऱ्यात, अशी सरळ विभागणी अनेकदा केली जाई. घरी दोन स्पीकरांच्या मधोमध बसून ते ऐकायला मजा येते. रेस्टॉरंटमध्ये मात्र उजव्या कोपऱ्यातल्या टेबलाला फक्त ड्रम्स ऐकू येतात आणि डावीकडच्यांना फक्त ट्रम्पेट. जाणता माणूस अशा वेळी ॲम्प्लिफायर मोनोवर टाकतो, म्हणजे प्रत्येक टेबलाला सगळी वाद्यं मिळतात. हे ज्ञान हॉलमध्ये फिरून, प्रत्येक कोपऱ्यात उभं राहून मिळवावं लागतं.

मुंबईत जॅझ हॉटेलांमधूनच आला, पण माणसांच्या हातांनी. १९३५ मध्ये लिऑन ॲबी या आफ्रिकन-अमेरिकन व्हायोलिनवादकाचा बँड ताजमध्ये वाजवू लागला. पाठोपाठ टेडी वेदरफर्डसारखे वादक आले, आणि गोव्याच्या चर्चमध्ये स्वरलिपी शिकून आलेल्या तरुणांनी ते संगीत आत्मसात केलं. मिकी कोरिया यांनी दोन दशकं ताजचा बँड चालवला. ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजलेल्या आंतोनियो झेवियर वाझ यांनी तोच ठेका हिंदी चित्रपटांपर्यंत नेला. चर्चगेट स्ट्रीटवरच्या, म्हणजे आजच्या वीर नरिमन रस्त्यावरच्या रेस्टॉरंटांत १९५० आणि ६० च्या दशकांत संध्याकाळी बँड वाजत. ते वादक पगारी नोकर होते. रेस्टॉरंटच्या हिशेबात त्यांचा खर्च आचाऱ्याच्या खर्चाइतकाच रीतसर धरला जाई. बँड गेले, पण त्यांच्या जागी रेकॉर्ड निवडणारा माणूस आपल्याकडे क्वचितच आला.

जपानमध्येही ही कॅफे पुष्कळ कमी झाली. १९७९ मध्ये सोनीचा वॉकमन आला, १९८२ मध्ये सीडी आली, आणि ऐकण्यासाठी बाहेर पडायची गरज संपली. आता तर सगळं संगीत फोनमध्ये आहे. तरीही गेल्या काही वर्षांत जपानी धर्तीचे ऐकण्याचे बार लंडन, न्यूयॉर्कपासून पणजीपर्यंत निघाले आहेत. पणजीतल्या ‘फॉर द रेकॉर्ड’मध्ये तबकड्यांवरच संगीत लागतं.

पुण्या-मुंबईत कॅफे काढणाऱ्यांना म्हणूनच माझं कळकळीचं सांगणं आहे. ‘जॅझी’ नावाची तयार यादी दिवसभर फिरत ठेवू नका. फोनमधलं घरगुती सबस्क्रिप्शन दुकानात वाजवायची परवानगी देत नाही, आणि विकत घेतलेली रेकॉर्डही देत नाही. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा, रचनेचा वेगळा, आणि दोन्हींचे परवाने घ्यावे लागतात. तो खर्च करणारच असाल, तर आठवड्यातल्या चार संध्याकाळी एका जाणत्या माणसाला ठरलेल्या पगारावर बसवा. जेवणाच्या बदल्यात फुकट राबवू नका. रेकॉर्ड निवडायला तो घरी जे तास घालवतो, त्यांचेही पैसे द्या. काय वाजतं आहे, ते कव्हर लोकांना दिसेल असं ठेवायला त्याला जागा द्या. सॉनी क्लार्कला त्याचे श्रोते मिळाले, ते कॉफीच्या दुकानांत असं काम कोणी तरी चोख करत होतं म्हणून. आपल्याकडच्या किती विस्मृत वादकांना असे श्रोते मिळू शकतील, हे त्या एका पगारावर ठरणार आहे.