तीन तासांचा पेपर, चार तास

घंटा होते, उत्तरपत्रिका गोळा होतात, बाकं सरकतात. तळमजल्यावरच्या एका खोलीत मात्र एक मुलगा अजून सांगतोच आहे आणि शेजारचा लिहितोच आहे. व्हरांड्यात कुणीतरी म्हणतंच, "मजा आहे बुवा, एक तास फुकटात!" उज्जैनच्या कॉलेजांत हे वाक्य हिंदीत ऐकू येतं, आमच्या मराठी घरांत मराठीत. समजूत एकच.

हा तास फुकटातला नाही. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने २९ ऑगस्ट २०१८ रोजी दिव्यांग परीक्षार्थींसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत तर 'जादा वेळ' हा शब्दच टाळून 'भरपाईचा वेळ' म्हणायला सांगितलं आहे. प्रमाण तासाला किमान २० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. भरपाई कसली, हे कळायचं असेल तर डोळे मिटून दहा गुणांचं एक उत्तर शेजाऱ्याला तोंडी सांगून पाहा. प्रश्न ऐकायचा, पुन्हा वाचायला लावायचा, उत्तराचा आराखडा मनातच बांधायचा, वाक्य सांगून लिहिणाऱ्यासाठी थांबायचं, परिच्छेद कुठे पाडायचा तेही सांगायचं, शेवटी सगळं वाचून घ्यायचं आणि मधली एक ओळ खोडायला लावायची. डोळस विद्यार्थी हेच नुसती नजर फिरवून उरकतो. प्राचीन ज्योतिषी ज्या उज्जैनमधून शून्य रेखावृत्त धरत, तिथे तरी हा हिशेब समजायला जड जाऊ नये.

दुसरी समजूत जास्त बोचरी: उत्तरं लिहून घेणारा लेखनिकच ती देतो. २०१८ च्या सूचनांप्रमाणे विद्यार्थ्याने स्वतः आणलेला लेखनिक त्याच्यापेक्षा शिक्षणाने एक पायरी खालचा असावा लागतो. एम.ए.च्या राज्यशास्त्राचा पेपर बी.ए.चं पोर काय सोडवणार? त्याला 'सार्वभौमत्व' धड लिहिता आलं तरी मिळवली. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांना दिसत नाही. २०१७ च्या केंद्रीय नागरी सेवा परीक्षेत त्या देशात १२४व्या आल्या. लेखनिकामुळे असे क्रमांक येत असते, तर आयएएस लेखनिकच झाला असता.

खरी अडचण उलटीच असते. लेखनिक कमी पडतो आणि गुण विद्यार्थ्याचे जातात. उज्जैनमधल्या मराठी घरांत याची एक खास तऱ्हा आहे. मुलगा हिंदी माध्यमाचा आणि मदतीला पुण्याहून आलेली मामेबहीण. हात भरभर चालणारा, पण मराठीच्या सवयीने ती हिंदीतलं प्रत्येक 'कि' दीर्घ 'की' लिहिते. तपासणाऱ्याला काय माहीत चूक कुणाची? म्हणूनच २०१८ च्या सूचनांत वेगवेगळ्या विषयांना, विशेषतः भाषांना, वेगळा लेखनिक घेण्याची आणि परीक्षेच्या दोन दिवस आधी लेखनिकाला भेटण्याची मुभा ठेवली. ते दोन दिवस सरावाला वापरावेत. ओळख नातेवाइकांची असली, तरी सांगण्या-लिहिण्याची लय वेगळीच बसवावी लागते.

'लेखनिक घेतला नाही, म्हणजे वेळही नाही' हेही चूक. स्वतःच्या हाताने सावकाश लिहिणाऱ्यालाही त्या सूचनांनी भरपाईचा वेळ दिला आहे.

सगळ्यात पक्की बसलेली समजूत अशी की हे सगळं अंधांसाठी, फार तर ज्यांच्या प्रमाणपत्रावर ४० टक्के दिव्यांगत्व लिहिलंय त्यांच्यासाठी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत. त्यांत सेरेब्रल पाल्सी आहे, तशीच वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमताही. ४० टक्क्यांची रेघ प्रामुख्याने राखीव जागांसारख्या लाभांसाठी आहे. नागरी सेवा परीक्षेला बसलेल्या एका एमबीबीएस तरुणाला रायटर्स क्रॅम्प होता, म्हणजे लिहायला घेतलं की हात आखडायचा. त्याला लेखनिक नाकारला गेला. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की जागा राखून ठेवणं वेगळं आणि पेपर लिहिता यावा म्हणून सोय करणं वेगळं. सोयीसाठी ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही. मग १० ऑगस्ट २०२२ ला ४० टक्क्यांखालच्या, पण लिहायला अडचण असणाऱ्यांसाठी वेगळ्या सूचना निघाल्या. त्यासाठी सरकारी डॉक्टरांच्या समितीचं प्रमाणपत्र लागतं.

तरी कागद आणि खोली यांत अंतर राहतं. २०२१ च्या नीट परीक्षेत लेखन-अक्षमता असलेल्या एका मुलीला हक्काचा तास केंद्रावर मिळालाच नाही. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून दिल्लीला गेलं. सर्वोच्च न्यायालयाने फेरपरीक्षा दिली नाही, पण झालेला अन्याय दूर करायला परीक्षा घेणाऱ्या संस्थेला सांगितलं. केंद्रावरच्या माणसाला नियम माहीत नसला, की किंमत परीक्षार्थी मोजतो.

आता तयारीचं. आपलं विक्रम विद्यापीठ, म्हणजे आताचं सम्राट विक्रमादित्य विद्यापीठ, १९५७ पासूनचं, आणि त्याची कॉलेजं उज्जैनबाहेरही पसरलेली. परीक्षेचं केंद्र बहुधा दुसऱ्याच कॉलेजात पडतं. पेपरच्या सकाळी दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड दाखवून काम भागेल, या भरवशावर राहू नये. परीक्षेचा फॉर्म भरतानाच लेखी अर्ज द्यावा. अंधत्व, दोन्ही हातांचं अपंगत्व आणि सेरेब्रल पाल्सी सोडून इतरांना लेखनिकाची गरज सांगणारं वैद्यकीय प्रमाणपत्रही जोडावं लागतं. केंद्र कळलं की तिथल्या केंद्राध्यक्षांना मंजुरीची प्रत पोचवावी, खोली तळमजल्यावर मागावी. नियम बदलतातही: २०२५ मध्ये केंद्र सरकारने स्पर्धा परीक्षांसाठी स्वतःचा लेखनिक आणण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने बंद करून परीक्षा घेणाऱ्या संस्थांनीच लेखनिकांची फळी उभारावी असं ठरवलं. त्यामुळे दर सत्राला परीक्षा विभागात ताजं परिपत्रक मागावं. दाद लागली नाही, तर भोपाळला निःशक्तजन आयुक्तांचं कार्यालय आहे. तिथे पहिल्यांदा विचारतील ती तुमच्या अर्जाची पोच, तेव्हा आवक शिक्क्याची प्रत जपून ठेवा.