भांडे दसपट, उष्णता हजारपट

हिवाळ्यातील सकाळी गावाकडचा मोठा उकिरडा उकरला, तर आतून वाफा निघतात. तेच शेण आणि तोच पालापाचोळा टोपलीत भरून ठेवला, तर तो जवळजवळ गारच राहतो. सूक्ष्मजीव तेच, त्यांचे खाद्यही तेच. मग हा फरक का पडतो? छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत बिअरचे मोठे कारखाने आहेत. तेथील अभियंत्यांनाही नेमका हाच प्रश्न सोडवावा लागतो.

बिअर मोड आणलेल्या जवापासून, म्हणजे बार्लीपासून, तयार करतात. मोड आलेले जव वाळवून, भरडून गरम पाण्यात ठेवले की त्यांतील विकरे स्टार्चचे साखरेत रूपांतर करतात. हे गोड पाणी गाळून, त्यात हॉप नावाच्या वेलीची फुले घालून उकळतात आणि थंड झाल्यावर त्यात यीस्ट मिसळतात. यीस्ट साखरेपासून अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड तयार करते. या क्रियेत उष्णताही बाहेर पडते.

ही उष्णता किती असते? एक लिटर द्रावात सुमारे 80 ग्रॅम साखर आंबते असे धरू. दर ग्रॅममागे सुमारे 0.59 किलोज्यूल, म्हणजे एकूण 47 किलोज्यूल उष्णता निर्माण होते. एक लिटर पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवण्यास 4.2 किलोज्यूल लागतात. म्हणजे ही उष्णता बाहेर पडू शकली नाही, तर द्राव सुमारे 11 अंशांनी तापेल. वीस अंशांवर सुरू झालेले किण्वन एकतीसवर पोहोचेल. इतक्या उष्णतेत यीस्ट उग्र वासाची नको ती संयुगे तयार करते आणि सगळा घाणा बिघडतो. (गंमत अशी की, ज्या जूलच्या नावाने आपण उष्णता मोजतो, तो जेम्स जूल इंग्लंडमधील एका बिअर उत्पादकाचा मुलगा होता.)

आता भांड्याकडे वळू. 10 सेंटीमीटर बाजूच्या घनाकृती भांड्यात एक लिटर द्राव मावतो आणि त्याचे पृष्ठफळ 600 चौरस सेंटीमीटर असते. बाजू दसपट, म्हणजे एक मीटर केली, तर 1000 लिटर द्राव मावतो. पृष्ठफळ मात्र 60,000 चौरस सेंटीमीटर, म्हणजे केवळ शंभरपट होते. उष्णता निर्माण होते घनफळात, बाहेर पडते पृष्ठभागातून. लिटरमागे पृष्ठभाग 600 वरून 60 वर आला! गॅलिलिओने 1638 च्या ग्रंथात मांडलेला हाच तो वर्ग-घनाचा नियम. म्हणून लहान बरणी आपोआप निवते, पण मोठ्या टाकीभोवती थंड द्रव खेळवणारे आवरण बसवावेच लागते. कृती तीच ठेवून नुसते भांडे मोठे करून भागत नाही. कार्ल फॉन लिंडे याने 1870 च्या दशकात विकसित केलेल्या शीतयंत्राला पहिले गिऱ्हाईक बिअर कारखान्यांतच मिळाले, ते याच गरजेपोटी.

या नियमाची दुसरी बाजू फायद्याची आहे. प्रत्येक घाण्यानंतर टाकी आतून धुवावी लागते. लिटरमागे भिंत कमी, म्हणून लिटरमागे धुण्याचे पाणीही कमी लागते. तरीही एका लिटर बिअरमागे एकूण काही लिटर पाणी खर्च होतेच. मराठवाड्यात हा हिशेब कागदावर राहत नाही. 2016 च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य व बिअर कारखान्यांच्या पाण्यात 60 टक्के कपात करण्याचा आदेश दिला होता. लिटरमागची बचत खरी असली, तरी धरणातून उचलले जाते ते एकूण पाणी.

परवान्याशिवाय मद्य तयार करणे महाराष्ट्रात गुन्हा आहे, आणि नियम तपासण्यासाठी त्याची गरजही नाही. स्टीलची एक वाटी आणि एक मोठे पातेले घ्या. दोन्हींत सारख्याच तापमानाचे गरम पाणी भरा. दर पाच मिनिटांनी तापमान नोंदवून आलेख काढायला मुलांना सांगा. वाटी आधी का निवली, याचे उत्तर त्यांनी स्वतः पट्टीने मापे घेऊन शोधावे. मग उकिरड्याची वाफ त्यांना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.