नेलेलं पातेलं परत आलं का?

२०२५ च्या मे महिन्यातले ते दिवस आठवतात ना मैत्रिणींनो? ऑपरेशन सिंदूर सुरू झालं होतं. देशभर मॉक ड्रिल झालं, भोंगे वाजले, काही ठिकाणी ब्लॅकआऊटचा सराव झाला. टीव्हीसमोरून उठवत नव्हतं. त्याच आठवड्यात आमच्या महिला मंडळाची सभा होती. विषय होता वाचनालयाच्या पुस्तकांचा, पण बोलणं वळलं ते युद्धावरच!

आमच्यातल्या एक काकू ठासून म्हणाल्या, "लढाईच्या दिवसांत कसले आलेत हक्कबिक्क! सरकार सांगेल ते मुकाट्यानं करायचं."

शाळेत शिकवणारी आमची एक मैत्रीण हळूच म्हणाली, "काकू, दिवे घालवा म्हटलं तर आपण घालवूच. पण शेजारच्या माणसाला काही न सांगता उचलून नेलं तर?"

"काहीतरी केलं असेल म्हणूनच नेलं असेल ना!" काकू म्हणाल्या. तेवढ्यात चहा आला आणि विषय तिथेच राहिला. पण काकूंचं ते वाक्य काही माझ्या डोक्यातून जाईना.

तसं पाहिलं तर काकूंचं सगळंच चुकीचं नाही. शत्रू दारात उभा असताना सरकारला जास्तीचे अधिकार लागतात. सैन्याच्या गाड्या कुठे चालल्यात हे छापू नका, अमुक भागात फिरू नका, धान्याचा साठा करू नका, असं सांगावंच लागतं. आपणही ते आनंदानं ऐकतो. १९६२ साली चीननं हल्ला केला, तेव्हा साध्यासुध्या घरांतल्या बायकांनीही अंगावरचे दागिने संरक्षण निधीत दिले होते. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, याचा केवढा अभिमान वाटला होता महाराष्ट्राला! देशासाठी सोसायला आपण बायका कधीच मागे नसतो.

प्रश्न सोसण्याचा नाहीच. प्रश्न आहे तो दिलेल्या अधिकाराचं पुढे काय होतं, याचा.

एका पुस्तकाची गोष्ट

२० ऑक्टोबर १९६२ ला चीनचा हल्ला झाला. २६ ऑक्टोबरला राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर केली आणि पाठोपाठ भारत संरक्षण कायदा आला. या कायद्याखाली कुणालाही खटला न भरता स्थानबद्ध करता येत होतं. एवढंच नाही, तर राष्ट्रपतींच्या आदेशामुळे 'माझं स्वातंत्र्य हिरावलं' म्हणून मूलभूत हक्कांसाठी कोर्टाचं दार ठोठावण्याची सोयही स्थगित झाली होती.

चीनधार्जिणे असल्याच्या संशयावरून त्या वेळी अनेक कम्युनिस्ट कार्यकर्त्यांना पकडलं गेलं. त्यात मुंबईचे प्रभाकर पांडुरंग संझगिरी होते. ७ नोव्हेंबर १९६२ च्या हुकमानं त्यांना तुरुंगात टाकलं. तुरुंगात बसून या गृहस्थांनी काय केलं असेल? सरकारच्या परवानगीनं चक्क मराठीत एक पुस्तक लिहिलं, 'अणूच्या अंतरंगात'! सामान्य वाचकाला विज्ञान समजावून सांगणारं पुस्तक. त्यात ना राजकारण, ना चीन.

१९६४ मध्ये त्यांनी हस्तलिखित छापण्यासाठी बाहेर पाठवायची परवानगी मागितली. सरकार म्हणालं, नाही. पुन्हा मागितली. पुन्हा नाही! अखेर प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. गंमत पाहा, या पुस्तकानं देशाला धोका आहे असं सरकारनं कोर्टातही म्हटलं नाही. सरकारचं म्हणणं एवढंच, की कैदेतल्या माणसाला पुस्तक छापू द्यायला आम्ही बांधील नाही. न्यायाधीशांनी पुस्तकाची अनुक्रमणिका पाहिली आणि हुकूम दिला, की हस्तलिखित त्यांच्या पत्नीकडे पाठवू द्या, म्हणजे ते पुढे छापता येईल.

एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. पण सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. युक्तिवाद काय, तर स्थानबद्धाला नियमात लिहिलेल्या सवलतीच मिळतात आणि पुस्तक छापण्याची सवलत नियमात लिहिलेली नाही. न्यायालयानं त्यावर जे म्हटलं ते आपल्या कोणत्याही सुगरणीला पटेल. हा युक्तिवाद मान्य केला तर उद्या नियमात जेवणाचा उल्लेख नाही म्हणून कैद्याला उपाशीही मारता येईल, अशा अर्थाचं न्यायालयानं सुनावलं. कायद्यानं जेवढं बंधन घातलंय तेवढंच बंधन, बाकी माणूस माणूसच राहतो!

हा निकाल लागला ६ सप्टेंबर १९६५ ला. तारीख नीट बघा. त्याच दिवशी आपलं सैन्य आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून लाहोरच्या दिशेनं निघालं होतं. तिकडे युद्ध पेटलेलं आणि इकडे देशाचं सर्वोच्च न्यायालय एका कैद्याच्या मराठी पुस्तकासाठी सरकारला कायदा समजावून सांगतंय! या निकालानं देशाच्या सुरक्षेचं काही बिघडलं का? मला तर वाटतं, लढण्याजोगा देश तो हाच.

मात्र एक गोष्ट विसरू नका. पुस्तक सुटलं, पण लिहिणारा? त्याला न्यायालयानं सोडलं नव्हतं. तीन वर्षं होत आली होती आणि खटला नावाला नव्हता. अशा घरातल्या बाईचं काय होत असेल? नवऱ्यानं काय गुन्हा केला हे तिलाही माहीत नसतं, मग ती वाण्याला, शेजारणीला, मुलांच्या बाईंना काय सांगणार? आणि लोक काय म्हणणार? आमच्या काकू म्हणाल्या तेच... 'काहीतरी केलं असेल म्हणूनच!'

देवळीची छावणी

त्याच १९६२ मध्ये आसाम, शिलाँग, दार्जिलिंग, कालिम्पोंग या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या चिनी वंशाच्या लोकांवर याहून वाईट वेळ आली. कुणी चपला शिवणारे, कुणी सुतार, कुणी छोटं हॉटेल चालवणारे. सुमारे तीन हजार जणांना कुटुंबांसकट आगगाडीनं राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेलं. त्यात म्हातारी माणसं होती, तान्ही मुलं होती. भारतातच जन्मलेले, इथलेच नागरिक असलेलेही होते. पुरावा तपासला गेला नाही. त्यांचा वंश पुरेसा ठरला. काही बायका छावणीतच बाळंत झाल्या. काही कुटुंबं १९६७ पर्यंत तिथेच होती. कित्येकांनी नंतर देशच सोडला.

'काहीतरी केलं असेल' हे वाक्य त्या बाळंतिणीला लावून बघा बरं.

वहीतली नोंद

आमच्या मंडळाकडे मोठी भांडी आहेत. पातेली, पराती, झारे. गावात कुणाकडे कार्य असलं की नेतात. आमच्याकडे एक वही आहे. कोणी नेलं, किती नेली, कशासाठी नेली आणि परत कधी आणणार, सगळं लिहून सही घेतो. विश्वास नाही म्हणून नाही हं! सवयीनं वस्तू नेणाऱ्याच्याच घरची होऊन जाते म्हणून. दोन वर्षांनी मागायला गेलं तर तोच म्हणतो, "अहो, हे तर आमचंच पातेलं!"

आता ही वही देशाच्या कारभाराला लावू या. १९६२ चं युद्ध चाललं महिनाभर. २१ नोव्हेंबरला चीननं स्वतःच युद्धबंदी जाहीर केली. पण आणीबाणी उठली कधी? जानेवारी १९६८ मध्ये. युद्ध एक महिना, आणीबाणी पाच वर्षं!

दुसरी नोंद. ३ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानशी युद्ध सुरू झालं, पुन्हा आणीबाणी जाहीर झाली. १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्य शरण आलं. केवढा विजय तो! तेरा-चौदा दिवसांत युद्ध संपलं. आणीबाणी मात्र उठली मार्च १९७७ मध्ये. मधल्या काळात, २५ जून १९७५ च्या रात्री, त्या न उठवलेल्या आणीबाणीवर 'अंतर्गत अशांतते'च्या नावाखाली दुसरी आणीबाणी आली. शत्रूसाठी आणलेला भारत संरक्षण कायदा आता नाव बदलून अंतर्गत सुरक्षेलाही लावला गेला. शहा आयोगाच्या अहवालानुसार त्या काळात मिसाखाली सुमारे ३५ हजार आणि या कायद्याच्या नियमांखाली ७५ हजारांहून अधिक लोक पकडले गेले.

कोण होते हे लोक? महागाईविरुद्ध लाटणी घेऊन बायकांना रस्त्यावर आणणाऱ्या 'पाणीवाली बाई' मृणाल गोरे त्यांच्यात होत्या. कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावर असतानाही निर्भीडपणे बोललेल्या दुर्गाबाई भागवत होत्या. प्रमिलाताई दंडवते येरवड्याच्या तुरुंगात आणि त्यांचे पती मधू दंडवते बंगळूरच्या, अशी ताटातूट झालेली. दोघांचा संसार चालला तो पत्रांवर! यांतलं कोण देशाचं शत्रू होतं, सांगा बरं?

पातेलं नेलं होतं युद्धासाठी. ते रांधायला लागलं भलत्याच चुलीवर.

एक न्यायमूर्ती

पकडलेल्या माणसाला कोर्टासमोर आणा आणि कोणत्या कायद्यानं पकडलं ते सांगा, अशी मागणी करणाऱ्या अर्जाला 'हेबियस कॉर्पस' म्हणतात. नऊ उच्च न्यायालयांनी असे अर्ज ऐकून घेता येतील असं म्हटलं. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी सरकारी वकिलांना विचारलं, की एखाद्या पोलीस अधिकाऱ्यानं वैयक्तिक वैरातून कुणाचा जीव घेतला तर दाद मागता येईल का? उत्तर आलं, आणीबाणी असेपर्यंत नाही.

२८ एप्रिल १९७६ ला पाचपैकी चार न्यायमूर्तींनी सरकारचं म्हणणं मान्य केलं. एकटे खन्ना विरोधात उभे राहिले. त्याची किंमत त्यांनी मोजली. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून कनिष्ठ न्यायमूर्तींना सरन्यायाधीश केलं गेलं आणि खन्नांनी राजीनामा दिला. त्या चार न्यायमूर्तींत मूळचे पुण्याचे यशवंत चंद्रचूड होते. पुढे २०१७ मध्ये त्यांचेच चिरंजीव न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी खासगीपणाच्या हक्काच्या निकालात लिहिलं, की तो जुना निकाल चुकीचा होता. वडिलांची चूक मुलानं भर कोर्टात दुरुस्त करावी, हे आपल्या घरांतही सोपं नसतं!

१९७८ मध्ये ४४ वी घटनादुरुस्ती झाली. ती म्हणजे आमच्या वहीसारखीच आहे. आता आणीबाणीसाठी मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय लागतो. महिन्याच्या आत संसदेची खास बहुमतानं मंजुरी लागते. दर सहा महिन्यांनी पुन्हा विचारावं लागतं. 'अंतर्गत अशांतता' हे सैल कारण काढून 'सशस्त्र बंड' हे शब्द आले. आणि काहीही झालं तरी जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क स्थगित करता येत नाही.

मग देश दुबळा झाला का? १९९९ मध्ये कारगिलचं युद्ध आपण आणीबाणी न लावता लढलो आणि जिंकलो. २०२५ मध्येही ती लावावी लागली नाही. म्हणजे माणसांचे हक्क गुंडाळून ठेवल्याशिवाय लढताच येत नाही, हे खरं नाही.

अर्थात वही आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही. खटल्याशिवाय बारा महिन्यांपर्यंत स्थानबद्ध करू देणारा १९८० चा राष्ट्रीय सुरक्षा कायदा साध्या शांततेच्या काळातही लागू असतो. असे कायदे हवेत की नकोत यावर जाणत्यांत मतभेद आहेत आणि असोत. पण चार प्रश्न विचारायला आपल्याला वकील व्हायला नको. अधिकार कशासाठी घेतला? किती दिवसांसाठी? पकडलेल्याला आपली बाजू कुणापुढे मांडता येते? आणि काम झाल्यावर अधिकार परत केला का?

हे प्रश्न विचारणं म्हणजे देशद्रोह नव्हे. जवानाच्या पाठीशी उभं राहायचं आणि सरकारला हिशेबही विचारायचा, या दोन्ही गोष्टी एकाच बाईला जमतात. आपण घरात नाही का करत? प्रेमानं वाढतो आणि खर्चही विचारतो!

पुढच्या सभेत मी संझगिरींच्या पुस्तकाची गोष्ट सांगितली. काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "अगं, पण त्या माणसाला विचारलं तरी का, की बाबा तू केलंस काय?"

"तेच तर काकू," आमची शिक्षिका मैत्रीण म्हणाली, "तेवढंच विचारायचं असतं."

काकूंनी मान हलवली. मग भांड्यांची वही पुढे ओढली आणि चष्मा लावून म्हणाल्या, "बरं, गेल्या महिन्यात नेलेलं ते मोठं पातेलं परत आलं का ते बघू आधी."