ताणावरचं गवत

गोल्फमधलं भोक एका जागी राहत नाही. सकाळचा पहिला खेळाडू यायच्या आत ग्रीनकीपर कालच्या भोकापासून काही पावलं लांब जाऊन उभा राहतो, उताराचा अंदाज घेतो आणि पोलादी नळकांडं दोन्ही हातांनी जमिनीत दाबून फिरवतो. सव्वाचार इंच व्यासाचा गठ्ठा गवत, माती आणि मुळांसकट सरळ वर येतो. नव्या भोकात वाटी बसते, तिची कड जमिनीपासून किमान इंचभर खाली. वर आलेला गठ्ठा मग कालच्या भोकात उतरवायचा, बोटांनी सांधा दाबायचा, वर थोडं पाणी द्यायचं. गठ्ठा उंच राहिला तर कापणीचं यंत्र त्याचा टवका उडवतं, खाली बसला तर चेंडू अडखळतो. म्हणून तळहात फिरवून पाहायचं. हे एकदा नाही, अठरा वेळा.

एवढी यातायात पायांमुळे होते. दिवसभरात येणारा प्रत्येक जण भोकाभोवती उभा राहतो आणि तेवढ्याच जागेतलं गवत तुडवलं जातं. क्रिकेटच्या मैदानात मधल्या चौकोनात अनेक खेळपट्ट्या शेजारी शेजारी असतात आणि त्या आळीपाळीने वापरतात, हिशोब तोच. फक्त इथे तो रोजचा आहे.

स्कॉटलंडच्या फाइफ परगण्यात समुद्राला लागून असलेल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर हा हिशोब फारच अवघड होतो. जगातला हा सर्वांत नावाजलेला गोल्फ कोर्स कुणा क्लबच्या मालकीचा नाही. 1552 साली आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांच्या सनदेने या वाळूच्या माळावर खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क मान्य झाला. 1974 साली संसदेने केलेल्या कायद्याने स्थापन झालेला लिंक्स ट्रस्ट आज ही जमीन सांभाळतो. खेळायला मिळण्यासाठी सोडत निघते आणि वर्षाकाठी चाळीस हजारांहून जास्त फेऱ्या या गवतावरून होतात. त्यातच अठरापैकी चौदा होल जोडीजोडीने सात ग्रीन (भोकाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) वाटून घेतात. दुसऱ्याचा जोडीदार सोळावा, पाचव्याचा तेरावा. बेरीज नेहमी अठराच. पाचव्या-तेराव्याचं ग्रीन पाऊण एकराहून मोठं आहे. ते तळहातासारखं ठेवायचं.

या कामाला आजचं रूप दिलं ते टॉम मॉरिस यांनी. जग त्यांना ओल्ड टॉम म्हणून ओळखतं. 1821 साली याच गावात जन्मलेले, चार वेळा ओपन ही मोठी स्पर्धा जिंकलेले टॉम 1860 च्या दशकाच्या मध्यावर प्रेस्टविकहून परतले आणि ओल्ड कोर्सचे रखवालदार झाले. नेमणुकीच्या वेळी त्यांच्या हाती एकचाकी हातगाडी, कुदळ आणि फावडं दिलं गेलं, आणि अवजड कामाला आठवड्यातले दोन दिवस एक मजूर. त्याआधी ही जमीन बहुतेक मेंढ्या आणि सशांच्या भरवशावर होती. त्यातल्या सशांनी तर ती संपवतच आणली होती: अठराव्या शतकाच्या अखेरीस कर्जात बुडालेल्या नगरपालिकेने माळ विकला, नव्या मालकांनी त्यावर ससे पाळले आणि त्यांच्या बिळांनी मैदान पोखरलं. 1821 मध्ये जेम्स चीप या जमीनदाराने माळ विकत घेतला तेव्हा कुठे खेळ वाचला.

ओल्ड टॉमची खरी देणगी म्हणजे वाळू. वाळूची गाडी चुकून ग्रीनवर कलंडली आणि त्या जागी गवत जोमाने उगवलं, अशी कथा सांगतात. कथा असो वा खरं, त्यांनी वाळूचा पातळ थर देण्याचा नेमच केला. वाळूने खळगे भरून येतात, पाणी निचरतं, कुजत चाललेल्या काडीकचऱ्यात हवा खेळते. आजही पोकळ खिळ्यांच्या यंत्राने ग्रीनला हजारो भोकं पाडतात आणि वर वाळू झाडून ती बुजवतात. दोन-चार दिवस ग्रीन देवीच्या व्रणांनी भरल्यासारखं दिसतं, खेळणारे कुरकुरतात. पण खाली मुळं श्वास घेत असतात.

आता गवताविषयी. विदर्भातला संत्रा बागायतदार बहर धरण्यासाठी बागेचं पाणी तोडतो, तिला ताण देतो. इथला ग्रीनकीपर तेच गवताच्या बाबतीत करतो. फेस्क्यू नावाचं सुईसारखं बारीक गवत निकस वाळूत, कमी पाण्यात, कमी खतात टिकतं आणि मुळं खोल सोडतं. पाणी सढळ केलं की उथळ मुळांचं, लुसलुशीत, रोगाला लवकर बळी पडणारं रानगवत शिरतं आणि फेस्क्यूला हुसकावून लावतं. म्हणजे माळ्याचं निम्मं कौशल्य हात आखडता घेण्यात आहे. टीव्हीवरचा हिरवागार गालिचा पाहून आपण हिरवं म्हणजे निरोगी असं धरून चालतो. ते चूक आहे. 2022 च्या जुलैत इथे दीडशेवी ओपन स्पर्धा झाली तेव्हा फेअरवे, म्हणजे ग्रीनकडे नेणारे गवताचे पट्टे, पिवळट-तपकिरी होते आणि चेंडू टणक जमिनीवरून घरंगळत दूरवर जात होता. लिंक्सचं, म्हणजे समुद्राकाठच्या वाळूच्या माळाचं, गवत असंच असायला हवं.

कापणीचं यंत्रसुद्धा या बारकाव्याला शोभेल असंच आहे. इंग्लंडमधल्या स्ट्राउडजवळच्या एडविन बडिंगने कापड गिरणीत लोकरी कापडाचे तंतू छाटणारं फिरतं पातं पाहिलं आणि 1830 मध्ये त्यावरून गवत कापायचं यंत्र बनवलं. आजही ग्रीनवर फिरणारं यंत्र त्याच जातीचं. ते गवत झोडपत नाही, कात्रीसारखं कापतं. त्याच्याही आधी दहिवर पाडावं लागतं, कारण गवताच्या पात्यावर थेंब रेंगाळले की बुरशी धरते. लांब, लवचीक काठी ग्रीनवरून झपकन फिरवली की थेंब खाली येतात. जुना उपाय आहे, पण औषध फवारण्यापेक्षा चांगला.

ओल्ड कोर्सवर 112 बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, आहेत. वाऱ्यापासून आडोसा शोधणाऱ्या मेंढ्यांनी उकरलेल्या खळग्यांतून त्यांतले बरेचसे तयार झाले असं मानतात. त्यांच्या उभ्या भिंती दगडाच्या नव्हेत, गवताच्या आहेत. हिवाळ्यात कामगार मातीसकट कापलेल्या गवताच्या पट्ट्या विटांसारख्या एकावर एक रचतात, प्रत्येक थर खालच्यापेक्षा जरासा मागे, पाठीमागे भर घालून ठोकलेला. ऊन खाणारी, दक्षिणेकडे तोंड असलेली भिंत लवकर वाळते आणि ढासळते. काही वर्षांत ती पाडून पुन्हा रचायची. एका टोकाचे बंकर रचून होईपर्यंत दुसऱ्या टोकाचे पुन्हा रचायला आलेले असतात.

आणि वारा. त्याचा धोका ग्रीनच्या वेगाबरोबर वाढतो. हा वेग मोजायला एक साधी खाचेची पट्टी आहे, स्टिम्पमीटर. 1935 साली अमेरिकेतल्या ओकमाँटची स्पर्धा पाहून एडवर्ड स्टिम्पसन यांनी ती कल्पना काढली. पट्टी उचलायची, चेंडू घरंगळतो, किती फूट गेला ते मोजायचं. आकडा वाढवण्याची हाव सगळीकडे आहे, पण समुद्राकाठी ती अंगाशी येते. 2015 च्या ओपनमध्ये शनिवारी सुटलेल्या वाऱ्याने अकराव्या ग्रीनवर ठेवलेले चेंडू हलायला लागले, खेळ साडेदहा तास थांबला आणि स्पर्धा सोमवारी संपली. इथलं ग्रीन मुद्दाम जरा संथ ठेवतात ते यासाठी, आणि ते योग्यच आहे.

थंडीत गवत वाढत नाही, त्यामुळे जखम भरत नाही. तेव्हा फेअरवेवरचा फटका छोट्या चटईवरून मारावा लागतो. आणि मोठ्या स्पर्धांचा अपवाद सोडला तर रविवारी ओल्ड कोर्स बंद असतो. खेळणाऱ्याला विश्रांती नको असली तरी जमिनीला हवी, असं ओल्ड टॉम म्हणत, अशी आठवण गावात सांगतात.

तिकडे जाणं झालंच तर रविवार गाठा. त्या दिवशी गावकरी कुत्री घेऊन फेअरवेवरून फिरतात, मुलं पळतात, तिकीट लागत नाही. ग्रीनवर मात्र पाय ठेवू नका. कडेला बसा आणि कालच्या भोकाची जागा सापडते का पाहा.