झेनची कंबर, कोलमनची पाठ

ऐन भरातला अर्नोल्ड आणि ऐन भरातला रॉनी कोलमन शरीरसौष्ठवाच्या एकाच मंचावर आले असते तर कोण जिंकलं असतं? व्यायामशाळांमध्ये हा वाद कधीच मिटत नाही. दोन्ही बाजू मोबाइलवरचे फोटो दाखवतात. पण फोटो हा फसवा साक्षीदार आहे. प्रकाश, अंगाला फासलेला रंग, शरीरातलं पाणी किती उतरवलंय, पोझच्या आधी दंड किती फुगवलेत, यावर सगळं चित्र बदलतं. त्यापेक्षा साधं गणित बरं.

किलोतलं वजन घ्यायचं आणि मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. 1947 साली मिस्टर अमेरिका झालेला स्टीव्ह रीव्हज सुमारे 28-29 भरतो. 1977 ते 1979 अशी सलग तीन वर्षं मिस्टर ऑलिम्पिया जिंकणारा फ्रँक झेन त्याहूनही थोडा खाली, 27 च्या आसपास. अर्नोल्ड 30. नव्वदच्या दशकातला डोरियन येट्स 37 आणि 2003 चा कोलमन थेट 40! चरबी या सगळ्यांच्याच अंगावर नावापुरती होती. म्हणजे वाढलं ते जवळजवळ सगळं स्नायूंचं वजन.

हे कशामुळे झालं? उत्तर बहुतेकांना ठाऊक असतं, पण अर्धवट. जुने विजेते निव्वळ दूध-अंड्यांवर घडले आणि नवे औषधांवर, ही विभागणी खरी नाही. स्टिरॉइड्स साठच्या दशकातच या खेळात शिरली होती आणि ती घेतल्याचं अर्नोल्डने स्वतःच कबूल केलं आहे. पुढच्या पिढ्यांत औषधांचं प्रमाण वाढलं आणि जोडीला ग्रोथ हॉर्मोन व इन्सुलिन आलं. त्यासोबत आहारही अवाढव्य झाला. नव्या शरीरसौष्ठवपटूंचं पोट पुढे आलेलं दिसतं, त्यामागेही हीच कारणं सांगितली जातात.

पण औषधांइतकीच जबाबदारी परीक्षकांचीही आहे, असं मला ठामपणे वाटतं. आपल्याकडे ज्याच्या नावाची बनियन अजून विकली जाते, त्या युजेन सँडोने 1901 मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये मोठी शरीरसौष्ठव स्पर्धा भरवली. परीक्षकांत चक्क शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल होते. निकष काय होते? एकूण विकास, सर्व अवयवांचा समतोल, स्नायूंचा कस, सर्वसाधारण आरोग्य आणि त्वचेची स्थिती. आरोग्याला गुण होते! सँडोचाच पुतळा आज मिस्टर ऑलिम्पियाच्या विजेत्याच्या हाती दिला जातो, पण आरोग्याचा तो निकष मात्र मागेच राहिला.

समतोलाचं वजन एकेकाळी किती होतं, हे 1968 च्या मायामीतल्या मिस्टर युनिव्हर्स स्पर्धेत दिसलं. आकाराने कितीतरी मोठ्या अर्नोल्डला तिथे झेनने हरवलं. श्वास सोडून पोट पाठीकडे ओढून घेण्याची झेनची पोझ पाहा. बरगड्यांखाली खोल पोकळी, वर रुंद छाती, खाली निमुळती कंबर. खांदे त्या कंबरेमुळेच एवढे रुंद भासतात. येट्सने हे समीकरण उलटवलं. त्याची दाणेदार, जाडजूड पाठ पाहून परीक्षकांची नजरच बदलली आणि एकदा आकाराला गुण मिळू लागल्यावर मागे वळायला कोणी तयार होईना. कोलमनने तर आकार आणि पीळ दोन्ही कमाल पातळीवर नेले. त्याची पाठ आजही थक्क करते. मिस्टर ऑलिम्पियाच्या आठ विजेतेपदांनंतर त्याच्या पाठीवर आणि खुब्यांवर शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या आणि त्याला कुबड्यांचा आधार घ्यावा लागला, हे आठवलं की मात्र मन कळवळतं.

तेव्हा मूळ वादाचं उत्तर, झेनलाही त्याच मंचावर उभं केलं तरी, नियमांच्या पुस्तकात आहे. आजच्या खुल्या गटाच्या नजरेने कोलमन सहज जिंकेल. सँडोच्या कसोट्या लावल्या तर झेन. अर्नोल्ड दोन्हीकडे दुसरा येईल, असा माझा अंदाज आहे. त्याच्या चाहत्यांना तो रुचणार नाही.

2015 मध्ये अर्नोल्डनेच, आपल्या नावाच्या स्पर्धेच्या वेळी, आजच्या खेळाडूंची शरीरं बाटलीसारखी होत असल्याची जाहीर तक्रार केली. पुढच्याच वर्षी ऑलिम्पियात क्लासिक फिजिक हा गट सुरू झाला. त्यात उंचीनुसार वजनाची मर्यादा असते. 2019 पासून 2024 पर्यंत सलग सहा वर्षं तो जिंकणारा कॅनडाचा ख्रिस बमस्टेड मंचावर पोट आत ओढून झेनची ती पोझ द्यायचा आणि तरुण प्रेक्षक खुल्या गटाइतकीच गर्दी त्याच्यासाठी करायचे.